रवानदेश

यंत्राने वाचलेली पहिली ओळ अशी होती: ‘ता. अमळनेर, जि. पृ. रवानदेश.’

मला हसूच आलं. रवाना झालेला देश! सुरत, नाशिक, पुणे करत करत अर्ध्या घरांना कुलपं लागलेला आमचा मुलूख यंत्राला एका नजरेत कळला म्हणायचा. कागदावर अर्थात ‘जि. पू. खानदेश’ होतं. पू म्हणजे पूर्व. १९०६ साली इंग्रजांनी अवाढव्य खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पूर्वेचा पुढे जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे, आणि धुळ्यातून १९९८ साली नंदुरबार वेगळा निघाला. पत्त्यात ‘पू. खानदेश’ लिहिणारी पिढी गेली. आता ते फक्त अशा जुन्या कागदांवर भेटतं.

हा कागद म्हणजे माझ्या आजोबांनी, आबांनी, १९५४ साली छापून घेतलेली बत्तीस पानांची पुस्तिका. सोळा पानांचे दोन फर्मे, कडेला गंजलेल्या दोन पिना, किंमत चार आणे. आत आखाजीची आणि कानबाईची, म्हणजे आमच्याकडच्या देवीची, गाणी, सगळी आमच्या अहिराणी बोलीत. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो: आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण ती सोनं घ्यायची नव्हे. आमच्याकडे तो सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई बसते, घरोघरी सांजोऱ्या तळतात, आणि पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असताना दुपारभर सावलीत गाणी चालतात. आबा प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांनी गल्लीतल्या बायकांना, स्वतःच्या बायकोला आणि चौदा वर्षांच्या मुलीला गायला लावलं, गाणी वहीत उतरवली आणि पदरचे पैसे घालून अमळनेरच्या एका छापखान्यात छापून घेतली.

ती चौदा वर्षांची मुलगी म्हणजे माझी आत्या. तिला सगळं गाव आक्का म्हणतं.

आक्काला आता दिसत नाही. उजेड कळतो, दारात कोणी उभं राहिलं तर सावली कळते, पण अक्षर गेलं. दोष डोळ्याच्या पडद्यातच आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. मागच्या आखाजीला गावी गेलो तर म्हणाली, “आबानं पुस्तक वाची दखाड.” मी ट्रंकेतून पुस्तिका काढली, दोन गाणी वाचली. तिसऱ्याला तिने हात वर केला. “ऱ्हाऊ दे भाऊ. तू पुनानं वाचस.” तीस वर्षं पुण्यात काढल्यावर माझी अहिराणी सरकारी सूचनेसारखी येते, हे मलाही माहीत होतं. मग माझ्या भाच्याने सुचवलं की फोनला वाचू द्या, तो न कंटाळता दहा वेळा वाचेल. फक्त त्याला फोटो चालणार नाही. अक्षरं लागतील.

फोटो आणि अक्षरं यांतला फरक मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळला. पानाचा स्कॅन काढला म्हणजे पान ‘डिजिटल’ झालं असं आपण बोलून जातो. संगणकाच्या लेखी ते पान म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी. त्यात क कुठे, ख कुठे, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणाऱ्या यंत्राला ओसीआर म्हणतात. मी आयुष्यभर बँकेत कागद हाताळले, त्यामुळे बत्तीस पानांचं हे काम दोन रविवारांचं धरलं होतं. पुढची आखाजी येऊन गेली.

पहिली अडचण स्कॅनरचीच. १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून ज्या अमळनेरात विप्रो सुरू झाली, त्याच गावात मला सपाट काचेचा धड स्कॅनर मिळेना. झेरॉक्सवाल्यांकडची मोठी यंत्रं पान आत ओढून घेतात. सत्तर वर्षांचा कागद त्यांच्या तोंडी द्यायची माझी छाती झाली नाही. म्हणून फोन वापरला. सकाळी आठच्या आत, घराच्या सपाट धाब्यावर, पुस्तिकेवर खिडकीची साफ काच ठेवून, ऊन तिरपं पडेल आणि माझी सावली पडणार नाही असं बसून. फोनमधल्या स्कॅनच्या अ‍ॅपने फोटो एकदम पांढराशुभ्र करून दिला. मी खूश झालो. आठवडाभराने लक्षात आलं की तो शुभ्रपणा त्याने अनुस्वार खाऊन आणला होता. फिकट ठिपका त्याला डाग वाटला, त्याने पुसला. पुन्हा सगळे फोटो काढले, या वेळी काहीही न ‘सुधारता’, राखाडी छटांसकट.

कागद इतका पातळ की मागच्या पानाची शाई पुढे दिसायची. त्यावर जुना उपाय आहे: पानाखाली काळा कागद घालायचा. मागचं उमटणं खरंच कमी झालं. पण कसरीने पानांना भोकं पाडली होती, आणि काळ्या कागदावर ठेवताच प्रत्येक भोक काळाभोर ठिपका होऊन बसलं. ठिपका अक्षराच्या डोक्यावर आला की यंत्र त्याला अनुस्वार म्हणे. ‘गाव’चं ‘गांव’ झालं, ‘माय’चं ‘मांय’. गंमत अशी की १९५४ च्या छपाईत खरेही अनुस्वार भरपूर आहेत. न उच्चारायचे अनुस्वार गाळायचा नियम १९६२ साली आला. त्याआधीच्या आबांच्या प्रस्तावनेत ‘स्त्रियांच्या तोंडीं असलेलीं गाणीं’ असंच आहे. तेव्हा पानावर तीन जातींचे ठिपके झाले: आबांचे, धुळीचे आणि कसरीचे. कुठला कुणाचा, हे मलाच भिंग घेऊन ठरवावं लागलं. शेवटी भोकं असलेल्या पानांचे दोन-दोन फोटो काढले, एक काळ्या कागदावर, एक पांढऱ्यावर. दोन्हींत दिसतो तो छापलेला, फार तर धुळीचा. काळ्यावर दिसतो आणि पांढऱ्यावर गायब होतो, तो कसरीचा.

फोटोतले राखाडी ठिपके काळे धरायचे की पांढरे, याचाही एक हिशोब असतो. सगळ्या पानाला एकच सीमारेषा लावली तर पिनेजवळचा सावलीतला भाग पुरता काळा पडतो. दर चौकोनाला त्याच्या आसपासच्या उजेडाप्रमाणे वेगळी रेषा लावली तर तीच अक्षरं वर येतात. हे भाच्याने करून दिलं. त्याने पानं सरळही केली. वाकडं पान सरळ करायला देवनागरीइतकी सोयीची लिपी नाही, हे त्याच्याकडूनच कळलं. प्रत्येक ओळीच्या माथ्यावर आपण रेघच ओढून ठेवलेली असते. आडव्या रांगांतले काळे ठिपके मोजत जायचं. शिरोरेघा आडव्या आल्या की मोजणीत एकदम उंच सुळका येतो. सुळका सगळ्यांत टोकदार होईपर्यंत पान फिरवायचं, बस.

आता वाचणारं यंत्र. आम्ही टेसरॅक्ट घेतलं. १९८५ ते १९९४ च्या दरम्यान ह्यूलेट-पॅकार्डमध्ये घडलेलं, २००५ साली सगळ्यांना फुकट खुलं केलेलं. पूर्वी देवनागरी वाचायची रीत अशी असे की आधी शिरोरेघ पुसायची, म्हणजे अक्षरं सुटी होतात, मग एकेक ओळखायचं. २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून टेसरॅक्ट अख्खी ओळ एकदम वाचतं, डावीकडून उजवीकडे, आधी काय आलं ते लक्षात ठेवत. हे शिक्षण त्याला बहुतांशी संगणकानेच निरनिराळ्या फॉन्टमध्ये रंगवलेल्या ओळींवर मिळालेलं असतं. शिशाचा खिळा आणि ट्रेडल मशीनचा दाब त्याने पाहिलेला नसतो. टोकाचा रफार तुटलेला, वेलांटीचा वळसा अर्धाच उठलेला, शाई जास्त झाली म्हणून ‘घ’चं पोट भरून गेलेलं, हे सगळं त्याला नवं.

त्याला आधी भाषा सांगावी लागते. मराठी आहे, हिंदी आहे, संस्कृत आहे, नेपाळी आहे. अहिराणी नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशीच्या खात्यात अठरा लाखांहून अधिक माणसं होती, पण यंत्राच्या यादीत आमची ओळ नाही. तक्रार कुणाकडे करणार? आम्ही नक्की कुठे बसतो यावर विद्वानांचंही एकमत नव्हतं. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न बसवता १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली बोलींच्या शेजारी बसवलं. मी मराठी निवडलं आणि बटण दाबलं. मग तो ‘रवानदेश’ आला.

पहिल्या फेरीतल्या चुका मी एका वहीत लिहून ठेवल्या आहेत, कारण काही खरोखर मजेच्या आहेत. गाण्याच्या शेवटचं ॥१॥ वाचताना यंत्राने मधला एक इंग्रजी नऊ समजून घेतला. मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांचं तोंड जुळतं, त्यामुळे पहिलंच कडवं नववं झालं. दोन दंडांचे कुठे दोन काने झाले, कुठे अकरा. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, ब आणि व या जोड्या तर कुठल्याही जुन्या छपाईत भांडतातच. पण आमचं खरं अडलं ते ऱ्ह वर. मराठीत ‘ऱ्हास’, ‘ऱ्हस्व’ असे चार-दोन शब्द सोडले तर हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. अहिराणीत त्याच्यावाचून पान हलत नाही. जाई ऱ्हायना, करी ऱ्हायनी, पानी पडी ऱ्हायनं. चाललेल्या प्रत्येक क्रियेला ऱ्ह लागतो. यंत्राने त्याचा ‘न्ह’ केला, ‘व्ह’ केला, नुसता ‘ह’ केला. ‘जाई हायना.’ फोनने ते आक्काला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “याले दात नई का?”

त्यात आणखी एक खोच. हा अर्धा ऱ् संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे. पण एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडत नाही. मी ‘ऱ्हायना’ शोधलं, संगणक म्हणाला एकदाही नाही. समोर पानावर सात वेळा होतं. अर्धा दिवस माझ्या डोळ्यांवर संशय घेण्यात गेला.

भाचा मात्र खूश होता. “मामा, नव्व्याण्णव टक्क्यांच्या जवळ आलोय.” मी बँकेतला माणूस, टक्क्यांनी चटकन भुलत नाही. नव्व्याण्णव टक्के हे अक्षरांचं. आमच्या एका पानावर आठशेच्या आसपास चिन्हं. म्हणजे पानाला आठ चुका, बत्तीस पानांना अडीचशेच्या वर. आणि माणूस चिन्हं वाचत नाही, शब्द वाचतो. सहा चिन्हांचा शब्द धरला तर शंभरातले सहा शब्द बिघडलेले. गाण्याच्या दर तिसऱ्या-चौथ्या ओळीत एक खडा.

याच सुमारास मी बापूंकडे गेलो. बापू अमळनेरात राहतात. ज्या छापखान्यात आमची पुस्तिका छापली, तिथेच साठच्या दशकात ते पोरवयात कंपोझिटर म्हणून लागले. खिळे जुळवण्यात चाळीस वर्षं गेली. आता बोटं थरथरतात, पण नजर शाबूत आहे. मी त्यांना ‘रवानदेश’चा विनोद सांगितला. ते हसले नाहीत. पुस्तिका मागून घेतली, भिंग लावलं, मुखपृष्ठ बराच वेळ पाहिलं.

“तुमचं मशीन बरोबर वाचतंय,” ते म्हणाले. “हा ख नाहीच. हा र आहे, आणि हा शेजारी व.”

मी पाहिलं. शिरोरेघेत मध्ये केसभर फट होती. प्रस्तावनेतला ख पाहिला, तिथे रेघ सलग. बापू सांगायला लागले. छोटा छापखाना, केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, एकेका अक्षराचे खिळे मोजके. एक फर्मा छापून खिळे सोडवल्याशिवाय दुसरा जुळवायला पुरे पडत नाहीत. “तुमच्या आबांनी दर गाण्यात आखाजी, आखाजी, आखाजी. एवढे ख आणायचे कुठून? संपले की आम्ही र आणि व शेजारी लावायचो. वाचणाऱ्याला कळतं.”

मी घरी येऊन सगळी पानं पुन्हा तपासली. यंत्राने जिथे जिथे ‘आरवाजी’ लिहिलं होतं आणि मी कपाळावर हात मारून ‘आखाजी’ केलं होतं, तिथे बहुतेक ठिकाणी खरोखर र आणि व होते. पहिल्या आठ पानांत एकही नाही, नवव्यापासून सुरू, पंधराव्या पानावर तर सगळेच. सतराव्यावर, म्हणजे दुसऱ्या फर्म्याच्या सुरुवातीला, पुन्हा खरे ख परत आलेले. मुखपृष्ठ सगळ्यांत शेवटी जुळवलं असणार. सत्तर वर्षांपूर्वी छापखान्यात कुठल्या पानाला ख संपले, हे त्या मूर्ख म्हणून हिणवलेल्या यंत्राने मला दाखवलं. अंतिम मजकुरात मी ‘आखाजी’च ठेवलं आहे, ते ओघानंच आलं. पण ती आरवाजीची यादी फाडून टाकायचा धीर झाला नाही.

मग नवं एआय आलं. भाच्याने मोबाइलवर दाखवलं: पानाचा फोटो द्यायचा आणि सांगायचं, यातला मजकूर लिहून दे. सात सेकंदांत पान समोर. स्वच्छ. एक काना इकडेतिकडे नाही, कडव्यांचे आकडे जागच्या जागी. ऱ्हसुद्धा बरोबर! मी मनात म्हटलं, वर्षभर उगाच काच धरून बसलो.

त्या संध्याकाळी ओट्यावर फोनने आक्काला नवं पान वाचून दाखवलं. लेकीच्या पाठवणीचं गाणं. पुस्तिकेत ओळ आहे: ‘मन्ही आंडेर सासरले जास’. माझी लेक सासरी जाते. आंडेर म्हणजे मुलगी, हा शब्द खानदेशाबाहेर कुणी ऐकलेला नसतो. फोन वाचत होता: ‘मनी अंधार, सासरला जाते’.

मला ते खटकलंच नाही. उलट आवडलं. मनात अंधार, आणि लेक सासरी निघालेली. किती छान ओळ आहे, असं वाटून मी मान डोलावली.

आक्का थांबली. “हाई कोनी लिखं?”

“आबांचंच आहे ना, आक्का. पुस्तकातलं.”

“हाई आबानं नई. आंडेर कोठे गई?”

मी पुस्तिका उघडली, फोनच्या उजेडात पाहिलं. आंडेर जागेवर होती. जुन्या टेसरॅक्टच्या फाइलमध्ये त्या जागी ‘मन्ही आंडर सासरले जस’ असा तुटका मजकूर होता. नव्याने ती ओळ वाचली आणि त्याला माहीत असलेल्या मराठीत ती बसेना, म्हणून बसवून टाकली. मी रात्री जागून सगळं पान ताडून पाहिलं. ‘डोया’चा ‘डोळा’ झाला होता. अहिराणीत ळ नाही, त्याचा य होतो, आम्ही धुळ्याला धुये आणि केळीला केयी म्हणतो. ‘बठ्ठा’, म्हणजे सगळे, त्याचं ‘बैठा’ झालं होतं. ‘ऊना’चं ‘आला’. प्रस्तावनेतले आबांचे अनुस्वार सफाईने काढून टाकलेले, शुद्धलेखन आजचं. ‘जसं आहे तसंच उतरव, काही सुधारू नकोस’ असं दटावून सांगितलं तर पहिली दोन कडवी तसंच उतरवलं, तिसऱ्यापासून पुन्हा पुण्याकडे घसरलं. माझ्यासारखंच.

तेव्हापासून माझी एक गोष्ट पक्की झाली आहे. मला गबाळी चूक परवडते. ‘जाई हायना’ दिसलं की डोळा अडखळतो, आपण मूळ पान उघडतो. सफाईदार चूक अडखळू देत नाही. तिच्यावर मान डोलावली जाते, आणि आक्का नसती तर ती अंधाराची ओळ मी चार लोकांना आबांची म्हणून ऐकवली असती.

हे काही एआयपासून सुरू झालं नाही. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅन-कॉपी यंत्रं कागदावरचे आकडेच बदलतात. घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं होती, १४.१३, २१.११ आणि १७.४२. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३. अक्षर ओळखण्याचा तिथे संबंधही नव्हता. फाइल लहान व्हावी म्हणून यंत्र एकसारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवून पुन्हा पुन्हा वापरत होतं, आणि ‘एकसारखे’ची त्याची व्याख्या जरा सैल होती. धूसर आकडा दिसला असता तर माणसाने डोळे बारीक केले असते. पण तिथे लख्ख, ठसठशीत, चुकीचा आकडा होता. अशा स्कॅनवरून किती हिशोब झाले असतील या विचाराने बँकेतल्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

आमच्या घरी तर याचा अनुभव यंत्राशिवायच आहे. हाताने लिहिलेले सातबारे संगणकावर चढवले गेले तेव्हा माझ्या चुलत्याच्या नावातला ‘घ’ कुणीतरी ‘ध’ केला. नाव वाचायला अगदी बरोबर वाटतं, कुणाचं तरी असूही शकतं, फक्त आमच्या काकांचं नाही. पीककर्जाच्या वेळी कळलं. जमीन महसूल संहितेचं कलम १५५ अशा लेखनदोषांसाठीच आहे. अर्ज केला, जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल जोडली, आणि एका ठिपक्याएवढ्या वळशासाठी काकांनी चौदा चकरा मारल्या. आता जुन्या अभिलेखांचे स्कॅन घरबसल्या मिळतात, ते बरं झालं. ते फोटो आहेत म्हणून मला अधिक बरं वाटतं. मजकूर काय असायला हवा हे तिथे अजून कुणी ठरवलेलं नाही.

ऐकलेलं कागदावर उतरवणं ही तरी काय, एक प्रकारची अक्षर-ओळखच. आमच्याच भागातलं त्याचं मोठं उदाहरण आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी समोर बसून लिहून घेत. गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, म्हणून ही गोष्ट आम्हाला लहानपणी फार अभिमानाने सांगितली जायची. तेव्हा मला त्यात गुरुजींचा वेग मोठा वाटायचा. आता वाटतं, वेगापेक्षा अवघड गोष्ट वेगळी होती. गुरुजी स्वतः इतके मोठे लेखक, इतके हळवे, शब्दांचं भांडार हाताशी. आणि तरी दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच वळणाने उतरवायचं. आपलं वाक्य मध्ये येऊ द्यायचं नाही. जळगावात बहिणाबाईंच्या ओव्या लिहून घेणारा मुलगा सोपानदेव, तोही कवीच. त्याचाही हात किती वेळा शिवशिवला असेल.

आबांचा हात शिवशिवला का, हे मात्र मला तपासता आलं. त्यांची मूळ वही नाही, पण आक्का आहे.

आता आमची रीत अशी बसली आहे. मजकूर टेसरॅक्टचाच घ्यायचा, गबाळा. भाच्याने मी हाताने टंकलेल्या चार पानांवर त्याला थोडं शिकवलं आहे. ओळीचा फोटो आणि तिचा बरोबर मजकूर अशा जोड्या त्याला पुन्हा पुन्हा दाखवायच्या असतात. त्यानंतर ऱ्ह बरेचसे सुधारले. नवं एआय मी पूर्ण सोडलेलं नाही. त्याचा मजकूर शेजारी ठेवतो आणि जिथे दोघांत फरक पडेल तेवढ्या जागा रंगवून घेतो. सगळं पान डोळ्यांनी चाळण्यापेक्षा भांडणाच्या जागा पाहणं सोपं. मग मी पुस्तिका हातात धरतो, फोन वाचतो, आक्का ऐकते. छापखान्यात प्रुफं अशीच तपासत, बापू सांगतात; एक जण मूळ कॉपी मोठ्याने वाचणार, दुसरा प्रुफावर बोट ठेवणार. आमच्याकडे फोन वाचतो आणि मूळ कॉपी आक्काच्या कानात आहे. चूक आली की ती काठी आपटते.

कधी कधी काठी पुस्तिकेवरही आपटते. फोन बरोबर वाचतो, मी पान पाहतो, पानावर तसंच छापलेलं असतं, आणि आक्का म्हणते असं नव्हतंच. अशा नऊ जागा निघाल्या. दोन ठिकाणी खिळा उलटसुलट लागलेला कळतो. बाकीच्या सात ठिकाणी आबांनी शब्द बदललाय. सासूला दिलेल्या शिव्या जरा धुऊन घेतल्यात. मास्तर होते ना.

मी त्या सात जागा छापल्या तशाच ठेवल्या आणि खाली आक्काचा पाठ दिला. एक जागा उरली. शेवटच्या पानावर, कानबाईच्या गाण्यात, कसरीने दोन अक्षरं साफ नेली आहेत. दोन्ही फोटोंत काही नाही. टेसरॅक्टने तिथे एक दंड आणि एक टिंब दिलं. एआयने पूर्ण, सुबक शब्द दिला. आक्काला विचारलं. तिने ओळ गुणगुणली, एकदा एका शब्दाने, एकदा दुसऱ्या. “माय असं म्हने. तापीकाठन्या बाया तसं म्हनेत.” आबांनी कुठला लिहिला असेल? ती बराच वेळ गप्प राहिली. मी मजकुरात चौकोनी कंस टाकला आणि आत दोन टिंबं.

गाणं तिथून पुढे सहा ओळींत संपतं. फोन थांबला. आक्का थांबली नाही. तिने आणखी एक कडवं म्हटलं, मग आणखी एक, हात हळूहळू झोक्यासारखा हलत. मी पान उलटून पाहिलं, मागे मलपृष्ठ होतं, त्यावर छापखान्याची जाहिरात.

“आक्का, हे पुस्तकात नाही.”

“नई शे,” ती म्हणाली. “आबाना कागद सरी गया व्हता.”